फॉरमॅट मारायच्या आधी सासऱ्यांची फाइल उघडून बघा

या वेळचं पत्र कराडच्या एका ताईंचं आहे. पत्र बरंच मोठं आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथे देतो.

"आमच्याकडे २०१४ साली घेतलेला लॅपटॉप आहे. आय-थ्री चौथ्या पिढीचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. घेतला तेव्हा विंडोज ८.१ होतं, नंतर मुलाने त्याचं १० करून दिलं. आता चालू व्हायला दहा मिनिटं लागतात, मी बटण दाबून कुकर लावून येते. मुलगा म्हणतो आई, टाकून दे. पण नात आठवीत गेलीय, तिला प्रोजेक्टसाठी हवाय, आणि मी बचत गटाची सचिव आहे, गटाचे सगळे हिशोब त्यातच एक्सेलमध्ये आहेत. दुकानदार म्हणाला फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो, ८०० रुपये, संध्याकाळी घेऊन जा. पण माझ्या सासऱ्यांनी शेवटच्या काही वर्षांत गावाचा इतिहास त्याच्यावर टाइप केला होता, श्रीलिपीमध्ये. ते २०१९ ला गेले. फॉरमॅट शब्द ऐकला की मला धडकीच भरते. हे घरी करता येईल का? आणि विंडोज १० बंद झालं म्हणतात, मग टाकायचं काय?"

ताई, घरी करता येईल, आणि तुम्ही करू शकाल, कारण जी बाई गटाचा ताळेबंद एक्सेलमध्ये ठेवते तिला हे अवघड नाही. पण संध्याकाळी घेऊन जा हे जे दुकानदार म्हणाला ना, तिथेच माझी हरकत आहे. सिस्टीम टाकायला तास-दीड तास लागतो हे खरंय. पुसण्याआधी जे काढून घ्यायचं असतं त्याला मात्र आठ दिवस द्यावेत, रोज थोडं थोडं, डोकं शांत ठेवून. कारण दुकानातल्या पोराला तुमचे सासरे माहीत नाहीत. तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर कॉपी करणार आणि बाकी साफ करणार, त्यात त्याची काही चूकही नाही, त्याला कोण सांगणार की अजून कुठे काय ठेवलंय.

मी हे स्वतः भोगलंय म्हणून एवढं कळकळीने सांगतोय. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, एका दिवाळीत मी तिला बसवून मोबाइलवर तीसेक ओव्या रेकॉर्ड केल्या आणि लॅपटॉपमध्ये टाकल्या, टाकताना घाईत थेट सी ड्राइव्हवर एक नवीन फोल्डर करून टाकल्या. दोनेक वर्षांनी तो लॅपटॉप मीच पुसला. वर सांगितलेले तीन फोल्डर काढले, नीट काढले, आणि हा राहिला. लक्षात आलं तेव्हा त्याच डिस्कवर नवीन सिस्टीम टाकून दोन महिने वापर झाला होता आणि आजीही नव्हती. तेव्हापासून मी कोणाचाही लॅपटॉप हातात घेतला की आधी सगळी डिस्क फिरून बघतो, मग बाकीचं.

तर आता तुमचं. सगळ्यात आधी सासऱ्यांचं लिखाण, कारण ते बाकी सगळ्यापेक्षा वेगळं आहे आणि नुसतं कॉपी करून भागणार नाही.

श्रीलिपी, आयएसएम, एपीएस असल्या जुन्या पद्धतींनी टाइप केलेलं मराठी कॉम्प्युटरच्या दृष्टीने मराठी नसतंच. त्या काळी काय केलं जायचं की इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेला फाँट वापरायचे, म्हणजे फाइलच्या आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि वर फाँट चढवला की डोळ्यांना 'गावाचा इतिहास' दिसतं. फाँट गेला की उरतं फक्त डॉलर, कंस, उलटसुलट इंग्रजी अक्षरं. फाइल जागच्या जागी असते, एक अक्षरही उडालेलं नसतं, पण वाचता येत नाही. फॉरमॅट केल्यावर नेमका फाँट जातो. त्यामुळे दुकानातून परत आल्यावर लोकांना वाटतं फाइल खराब झाली, आणि कितीतरी घरांत अशा फाइली मग कचरा समजून डिलीट केल्या गेल्यात, ते ऐकलं की जीव तुटतो.

म्हणून लॅपटॉप आहे तसा असताना, दहा मिनिटं लागू देत, त्याच जुन्या विंडोजमध्ये ती फाइल उघडा. मराठी नीट दिसतंय ना बघा. मग प्रिंट द्यायची आणि प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडायचं, हे विंडोज १० मध्ये असतंच. पीडीएफ केली की फाँट त्या पीडीएफच्या पोटात जाऊन बसतो, मग ती फाइल तुमच्या मोबाइलवर, नातीच्या कॉम्प्युटरवर, कुठेही तशीच दिसते. झाल्यावर ती मोबाइलवर पाठवा आणि तिथे उघडून पहिलं पान, मधलं एखादं पान, शेवटचं पान वाचा. वाचा म्हणजे खरोखर वाचा, नुसतं उघडलं म्हणून सोडू नका. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल असेल तर प्रत्येकीचं हेच करायचं. आणि त्यांनी वर्डऐवजी पेजमेकर या छपाईची पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडणी केली असेल तर हे जास्तच गरजेचं, कारण पेजमेकर अडोबीने कधीच बंद केलंय आणि त्याची फाइल दुसरीकडे उघडणं फार कटकटीचं होतं.

पीडीएफ वाचायला झाली, पण पुढेमागे पुस्तक काढायचं असेल, दुरुस्त्या करायच्या असतील तर मूळ फाइल आणि फाँटही हवा. वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवला की वर फाँटचं नाव दिसतं, श्री-देव आणि पुढे एखादा आकडा असं काहीतरी असेल, ते नाव वहीत लिहून ठेवा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्याच्या आत फाँट्स नावाचा फोल्डर असतो, तो सबंधच्या सबंध कॉपी करून घ्या, निवडत बसू नका.

नंतर सवडीने ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला किंवा मोबाइलला मराठी म्हणूनच कळणाऱ्या आजच्या पद्धतीत, बदलता येतं, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण कन्व्हर्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, क आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचं बरोबर उलटं, जुन्या फाँटमध्ये तो अक्षराच्या नंतर येतो आणि युनिकोडमध्ये आधी. कन्व्हर्टरला ही सगळी उलटापालट करावी लागते आणि तो नेमका तिथेच चुकतो, 'सूर्य' 'कार्य' 'किल्ला' असले शब्द बिघडतात, जोडाक्षरं फुटतात. त्यामुळे एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला युनिकोड असं ठेवून एकदा कोणीतरी ओळीने वाचायला हवं. नात आठवीत आहे म्हणता ना, तिला पणजोबांचं लिखाण वाचायला बसवा, तुम्ही ऐका आणि तिला दुरुस्त करू दे.

आता बाकीची डिस्क. तुम्हाला लागणारेत एक पेनड्राइव्ह, ८ जीबीचा पुरे, रिकामा असावा, आणि एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क, ती कोणाची उसनी मिळाली तरी चालेल. पेनड्राइव्हवर आपण नवीन सिस्टीम टाकणार आहोत, आणि मी तुम्हाला लिनक्स मिंट सुचवतोय, ही विंडोजच्या जागी टाकायची फुकटची सिस्टीम, ती का ते पुढे सांगतो. मिंटची गंमत अशी की ते पेनड्राइव्हवरूनच चालतं, लॅपटॉपच्या डिस्कला हात न लावता. म्हणजे ज्या पेनड्राइव्हने शेवटी सिस्टीम टाकायची त्याच पेनड्राइव्हने आधी लॅपटॉप सुरू करून, त्या दहा मिनिटांच्या विंडोजला बाजूला ठेवून, तुम्ही सगळा डेटा काढू शकता आणि लगे हाथ वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड चालतंय का तेही बघू शकता. आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, लॅपटॉप होता तसा.

मिंटच्या अधिकृत साइटवरून 'एक्सएफसीई' नावाची आवृत्ती उतरवा, ती जुन्या मशिनला हलकी पडते. तीनेक जीबीची एकच फाइल असते, तिला आयएसओ म्हणतात. ती नुसती पेनड्राइव्हवर कॉपी करून चालत नाही, रुफस किंवा बलेना एचर यातलं एक फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन तिच्यातून पेनड्राइव्ह 'बनवावा' लागतो, आणि त्यात पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं जातं. उतरवलेल्या फाइलची पडताळणी करायची सोय त्याच साइटवर दिलेली असते, चेकसम म्हणतात, तो जुळतो का बघायला मुलाला सांगा. हे उगीच नाही, फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची साइट हॅक होऊन काही काळ तिथून भलतीच, आत चोरदरवाजा ठेवलेली फाइल लोकांना मिळत होती. त्यांनी ते लगेच जाहीर केलं आणि दुरुस्त केलं, पण पडताळणीची सवय तेव्हापासून मी सोडली नाही.

विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून ठेवा आणि मग शटडाउन द्या, नाहीतर विंडोज १० अर्धवट झोपतं आणि डिस्क अडवून धरतं. मग पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करताना एक की पटापट दाबायची म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते विचारणारी यादी येते. एचपीला एस्केप आणि मग एफ-९, डेलला एफ-१२, लेनोवोला एफ-१२ किंवा बाजूला टाचणीने दाबायचं बारीक बटण, आसुसला एस्केप, एसरला एफ-१२ पण तो बहुतेक वेळा आधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावा लागतो. पहिल्यांदा जमणार नाही, विंडोजच उघडेल, घाबरू नका, परत करा.

मिंट दिसायला लागलं की आधी 'डिस्क्स' नावाचं अॅप उघडा. त्यात तुमची हार्ड डिस्क निवडून स्मार्ट डेटा बघता येतो, म्हणजे डिस्कची तब्येत. दहा-बारा वर्षं फिरलेली डिस्क आहे ती. खराब सेक्टर दिसत असतील, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी सासऱ्यांचा फोल्डर आणि गटाचे हिशोब काढा, फोटो नंतर. टकटक फार असेल तर बंदच करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या माणसाकडे न्या, परत परत चालू करून बघण्यात असलेलं जातं.

तब्येत बरी असेल तर कॉपी करायला लागा. विंडोजची डिस्क तिथे फोल्डरसारखी उघडते. यूजर्स, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, तो सबंध घ्या, आतलं निवडत बसू नका. मुलाच्या नावाचाही असेल तर तोही. मग सी ड्राइव्हवर वरच्या वर कोणी काही ठेवलंय का, डी ड्राइव्ह आहे का, ई आहे का. सासऱ्यांनी कुठे ठेवलं असेल सांगता येत नाही, म्हातारी माणसं आपल्याला सोयीचं वाटेल तिथे ठेवतात. शोधायच्या खिडकीत डॉट डॉक, डॉट एक्सएलएस, जेपीजी असं टाकून सबंध डिस्कवर एकदा शोध घ्या. लॅपटॉपला निळं यूएसबी पोर्ट असेल तर एक्स्टर्नल डिस्क त्यालाच लावा, ते वेगाने चालतं. काळ्या पोर्टने शंभर-सव्वाशे जीबी जायला तासाच्या वर सहज लागतो, आणि हजारो बारके फोटो असले की अजूनच.

वनड्राइव्ह वापरत असाल तर एक फसवणूक होते, फोल्डरमध्ये फाइलचं नाव दिसतं पण नावापुढे ढगाचं चित्र असतं, म्हणजे ती लॅपटॉपवर नाहीच, इंटरनेटवर वनड्राइव्हच्या साइटवर ठेवलेली आहे. त्या साइटवर लॉगिन होतंय ना, पासवर्ड आठवतोय ना एवढं बघून ठेवा. क्रोममध्ये सेव्ह झालेले पासवर्डही असेच, गूगल खात्यात सिंक आहेत का ते जुन्या विंडोजमध्येच तपासा. गटाचं बँकेचं काही त्या लॅपटॉपवरून होत असेल तर तो पासवर्ड कागदावर आणि कागद कपाटात.

आणि एका कॉपीवर थांबू नका. एक्स्टर्नल डिस्कवर एक, आणि महत्त्वाचं तेवढं, म्हणजे सासऱ्यांचं आणि गटाचं, दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर अजून एक. दोन्हीकडच्या फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. मी तर दोन-तीन दिवस मध्ये जाऊ देतो, कारण आठवतं ते रात्री झोपताना आठवतं, अरे तो बारशाचा व्हिडिओ कुठेय.

आता टाकायचं काय हा प्रश्न. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप बंद पडत नाही, पण नवीन सापडलेली भोकं मायक्रोसॉफ्ट फुकटात बुजवून देत नाही, जास्तीच्या अपडेटची एक योजना आहे ती घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, तुमचा चौथ्या पिढीचा, म्हणजे नियमाने बसत नाही. नियम चुकवून बसवायच्या युक्त्या आहेत, दुकानदार करूनही देईल, पण मायक्रोसॉफ्ट त्याची जबाबदारी घेत नाही आणि ४ जीबी रॅमवर ते रडतखडतच चालणार.

मिंटची २२ ही मालिका एप्रिल २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे, पैसे लागत नाहीत, ४ जीबीवर बरं चालतं. नातीचं प्रोजेक्ट, व्हिडिओ, गूगल मीट सगळं ब्राउझरमध्ये होतं. गटाची एक्सेल मिंटमधल्या लिबरऑफिस या फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडते, साधे बेरीज-वजाबाकीचे फॉर्म्युले जसेच्या तसे चालतात, पण तुमच्या दोन-चार खऱ्या फाइली पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्ये उघडून बेरजा जुळवून बघा, मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, वापरले असतील तर गडबड होऊ शकते. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय विभागात मराठी निवडलं की इन्स्क्रिप्टही मिळतो आणि कगप नावाचा उच्चारावर चालणारा कीबोर्डही.

मात्र श्रीलिपी मिंटवर चालणार नाही हे आधीच सांगतो. आणि ज्यांच्याकडे टॅली आहे किंवा जीएसटीचं डिजिटल सिग्नेचर टोकन वापरायचंय त्यांना मी मिंट सांगणार नाही, त्यांनी विंडोजवर राहावं. टॅलीवाल्यांनी तर पुसण्याआधी टॅलीच्या आतूनच लायसन्स सरेंडर करावं, ते विसरलं की नंतर लायसन्स परत मिळवायला हेलपाटे होतात.

कोणाला विंडोजच परत टाकायचं असेल तर दुकानातल्या क्रॅकची, म्हणजे लायसन्स चुकवून बसवलेल्या चोरीच्या विंडोजची, गरज नाही हे माहीत असू द्या. विंडोज ८ पासून पुढे ज्या लॅपटॉपबरोबर विंडोज आलं त्याच्या लायसन्सची की मदरबोर्डवरच लिहिलेली असते, आणि ८.१ चं १० करून घेतलेलं असेल तर त्या मशिनची नोंद मायक्रोसॉफ्टकडे झालेली असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन पेनड्राइव्ह बनवायचा, की विचारली की माझ्याकडे नाही म्हणायचं, आधी होती तीच होम किंवा प्रो आवृत्ती निवडायची, इंटरनेट मिळालं की ते आपोआप अॅक्टिव्हेट होतं. क्रॅकमधून काय आत येतं ते कोणालाच माहीत नसतं, आणि ज्या लॅपटॉपवर वीस बायकांचे आधार नंबर आणि पासबुकाचे फोटो आहेत त्यावर ते येऊ देणं मला तरी बरोबर वाटत नाही.

एक खर्च मात्र मी आग्रहाने सुचवेन. त्या दहा मिनिटांना विंडोजपेक्षा ती फिरणारी हार्ड डिस्कच जास्त जबाबदार आहे. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर चालणारी वेगवान डिस्क, बसवा, २४० किंवा २५६ जीबीची पुरते, आणि फरक असा पडेल की कुकर लावायला उठायला वेळ मिळणार नाही. रॅमचा दुसरा खण रिकामा असेल तर ४ जीबी अजून घाला, तुमच्या काळच्या लॅपटॉपना बहुतेक डीडीआर-थ्री-एल लागते, जुनी घेऊन गेलात की दुकानदार जोडीची देतो. बसवायचं काम दुकानात करून घ्या, तुमच्या डोळ्यांदेखत, आणि जुनी डिस्क परत मागून घ्या. यात सगळ्यात मोठा फायदा माझ्या दृष्टीने वेगाचा नाहीच. एसएसडी बसवली की जुनी डिस्क पुसावीच लागत नाही! सिस्टीम नवीन डिस्कवर जाते आणि सासऱ्यांचं सगळं जिथल्या तिथे, जुन्या डिस्कवर, कपाटात. काही राहिलंच असेल तर साध्या यूएसबी केसिंगमध्ये घालून केव्हाही उघडता येतं.

प्रत्यक्ष टाकायच्या दिवशी चार्जर लावून ठेवा. एवढ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी पाच मिनिटं धरत नाही, त्यामुळे तुमच्या भागात लाइट जायची वेळ असेल ती सोडून बसा, किंवा इन्व्हर्टरवर लावा, अर्ध्यात लाइट गेली तर पहिल्यापासून करावं लागतं. आणि सुरू करायच्या आधी ती बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क लॅपटॉपपासून काढा, खोलीतूनच बाहेर न्या. डिस्क निवडताना एका क्लिकची चूक होऊन लोकांनी बॅकअपच पुसलेला आहे. मग पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चिन्ह दाबायचं, भाषा, कीबोर्ड, मग 'इरेज डिस्क' असा पर्याय येतो, तिथे डिस्कचं नाव आणि साइज दोनदा वाचा, पुढे जा. बाकी ते स्वतः करतं.

वायफाय दिसलं नाही तर हातपाय गाळू नका, काही जुन्या लॅपटॉपमधल्या वायफायला वेगळा ड्रायव्हर लागतो. मोबाइल केबलने जोडा, मोबाइलमध्ये यूएसबी टिदरिंग चालू करा, त्याचं नेट लॅपटॉपला मिळतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडलं की तो काय हवं ते सुचवतो. आणि प्रत्येक साइट असुरक्षित आहे असं सांगायला लागली तर घड्याळ बघा, तारीख २०१४ सालची झाली असेल तर आतली बटणासारखी बारकी बॅटरी संपलीय, त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये सीआर-२०३२ असते, दुकानात मिनिटभराचं काम आहे.

राहिली ती जुनी डिस्क. निदान वर्षभर तिला हात लावू नका. पुढे कधी ती कोणाला द्यायची वेळ आली तर नुसतं फॉरमॅट करून देऊ नका. साधं फॉरमॅट म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव खोडण्यासारखं आहे, शेतातलं पीक उभंच असतं आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने कोणीही ते कापून नेऊ शकतं. फिरणारी डिस्क असेल तर मिंटच्या त्याच डिस्क्स अॅपमध्ये फॉरमॅट करताना सगळीकडे शून्य लिहायचा सावकाश चालणारा पर्याय असतो, तो निवडा, ५०० जीबीला दोन-तीन तास लागतील, एकदा लिहिलं की पुरतं. एसएसडीचं तंत्र वेगळं, ती आतल्या आत जागा बदलत राहते त्यामुळे वरून शून्य लिहून खात्री होत नाही, तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज वापरायचं. गटातल्या बायकांनी कागदपत्रं तुमच्या भरवशावर दिलीत, तेवढं त्यांच्यासाठी करावंच लागेल.

आत्ता मात्र त्या डिस्कवर एक कागद चिकटवा, 'मामंजींचं लिखाण, पुसू नये' आणि तारीख. आणि ती पहिली फाइल उघडली की फाँटचं नाव आणि लॅपटॉपच्या पोटावरचा मॉडेल नंबर मला कळवा, म्हणजे कन्व्हर्टर कुठला जमेल आणि पेनड्राइव्हसाठी कुठली की दाबायची ते नेमकं सांगतो.